पर्ज करूनही न जाणाऱ्या लाइनटाइप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यातली नागपूरची दुपार म्हणजे रस्त्यावर शुकशुकाट, घरात कूलरची घरघर आणि माझ्या फोनवर ड्रॉइंगच्या फाइली. "ताई, ही लाइनटाइप डिलीटच नाही होऊन राहिली." "मॅडम, पर्ज करून करून थकलो, जातच नाही ना!" आर्किटेक्टच्या ऑफिसातली पोरं, रस्त्यांच्या सल्लागारांकडचे ड्राफ्ट्समन, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

उत्तरं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला धरून आहेत. पर्ज म्हणजे फाइलीतलं वापरात नसलेलं सामान काढून टाकणारी त्यातली कमांड. कमांडची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप मात्र नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच करायची. आणि कशालाही हात लावण्याआधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. हे मी प्रत्येक उत्तरात पुन्हा सांगणार नाही.

१. लाइनटाइप म्हणजे नेमकं काय? दोन-चार जास्तीच्या राहिल्या तर बिघडतं काय?

लाइनटाइप म्हणजे रेघ कशी तुटायची याची कृती. डॅश्ड ही साधी लाइनटाइप घ्या. इंचांच्या फाइलीत तिची कृती अर्धा एकक रेघ, पाव एकक मोकळी जागा, पुन्हा तेच, अशी आहे. मेट्रिकच्या फाइलीत तेच आकडे १२.७ आणि ६.३५ होतात, म्हणजे सरळ २५.४ पट. एवढीशी माहिती ठेवायला किती जागा लागणार?

त्यामुळे साध्या लाइनटाइप दहा काय, पन्नास राहिल्या तरी फाइल फुगत नाही. त्रास वेगळा आहे. इमारत परवानगीच्या नकाशात तुटक रेघेला अर्थ असतो: ड्रेनेज लाल तुटक, भविष्यातला रस्ता हिरवा तुटक, बिल्डिंग लाइन जाड काळी तुटक. यादीत सहा जातीच्या "हिडन" दिसल्या की घाईत चुकीची उचलली जाते, आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर नकाशा परत फिरतो. फाइल खरोखर फुगवणारी जात एकच आहे, ती प्रश्न ७ मध्ये.

२. लाइनटाइप मॅनेजरमध्ये डिलीट दाबलं तर नकार येतो. पर्जमध्ये वेगळं काय होतं?

नियम दोघांचे तेच. वापरात असलेली, चालू म्हणून निवडलेली, एक्सरेफमधून (म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइलीतून) आलेली लाइनटाइप दोघंही काढू देत नाहीत. पण मॅनेजर एकेकीला विचारतो. पर्ज सगळ्या फाइलीतलं बेवारस सामान एका झटक्यात गोळा करतं. पर्जच्या खिडकीत आतल्या, म्हणजे नेस्टेड वस्तूही काढण्याची खूण आहे, ती लावा. ब्लॉकने (एका नावाखाली बांधलेल्या वस्तूंच्या गटाने) लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा थर, धरला असतो, लेयरने लाइनटाइप. ब्लॉक गेला की लेयर सुटतो, लेयर गेला की लाइनटाइप. ती खूण नसेल तर ही साखळी सुटेपर्यंत पर्ज चार-पाचदा चालवावं लागतं.

ऑटोकॅड २०२० पासून त्याच खिडकीत 'न काढता येणाऱ्या वस्तू शोधा' अशा अर्थाचं बटण आलं. लाइनटाइप निवडली की ती का जात नाही याची संभाव्य कारणं तिथे दिसतात आणि धरून बसलेल्या वस्तूंपर्यंत उडी मारता येते. अर्धे लोक हे बटण कधी दाबतच नाहीत आणि मला फोन करतात.

३. बायलेयर, बायब्लॉक आणि कंटिन्युअस काही केल्या जात नाहीत.

जाणारही नाहीत. बायलेयर म्हणजे लेयरची लाइनटाइप घ्या, बायब्लॉक म्हणजे ब्लॉकची घ्या, कंटिन्युअस म्हणजे सलग रेघ. त्या प्रत्येक फाइलीच्या पायात असतात. सोडून द्या.

४. स्क्रीनवर त्या लाइनटाइपची एकही रेघ नाही, तरी 'वापरात आहे' म्हणते. शोधू कुठे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लोक इथे 'जोरदार' पर्ज शोधत फिरतात, कुठून तरी लिस्पची (ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) फाइल उतरवतात. लाइनटाइप हट्टी नसते हो. तिला कोणी तरी धरून ठेवलेलं असतं. धरणारा सापडला की साधं पर्ज पुरतं. मी ज्या क्रमाने शोधते तोच सांगते, कारण सोपी आणि नेहमीची कारणं आधी येतात.

पहिलं, चालू लाइनटाइप. काहीही न निवडता प्रॉपर्टीज पॅलेट पाहा. तिथे बायलेयरऐवजी नेमकी तीच दिसली तर काम दहा सेकंदांचं आहे. लाज वाटून घेऊ नका, माझंही होतं.

दुसरं, लेयर. लेयर मॅनेजरमध्ये लाइनटाइपच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की यादी त्याप्रमाणे लागते. लेयर रिकामा असला तरी तो लाइनटाइप धरून असतो, आणि रिकामा लेयरसुद्धा चालू लेयर असेल तर पर्ज त्याला हात लावत नाही. झीरो लेयरला कोणी हिडन देऊन ठेवली असेल तर मग विचारूच नका. झीरो लेयर जात नाही, म्हणून ती हिडनही जात नाही.

तिसरं, प्रत्यक्ष रेघा. सगळे लेयर चालू करा, फ्रीझ काढा, कुलूप काढा आणि क्यूसिलेक्टने लाइनटाइप निवडून शोधा. क्यूसिलेक्ट फक्त समोरच्या जागेत शोधतं. मॉडेलमध्ये (जिथे मूळ नकाशा काढतो) उभे असाल तर मॉडेल, लेआउटमध्ये (छापायच्या शीटवर) असाल तर तेवढाच लेआउट. नऊ शीटची फाइल असेल तर मॉडेल धरून दहादा शोधावं लागतं. टायटल ब्लॉकच्या बाहेर, शीटच्या कडेला पडलेली एक मिलिमीटरची रेघ बहुतेक वेळा इथेच सापडते.

चौथं, व्ह्यूपोर्ट, म्हणजे शीटवर मॉडेल दाखवणारी खिडकी. लेयरला मूळ लाइनटाइप वेगळी, पण एखाद्या व्ह्यूपोर्टपुरती बदललेली असते. व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन लेयर मॅनेजर उघडला तरच त्या व्ह्यूपोर्टपुरता केलेला बदल, म्हणजे ओव्हरराइड, त्याच्या रकान्यात दिसतो. तो ओव्हरराइड काढा.

एवढ्यावर नाही सापडली तर ती ब्लॉकमध्ये (प्रश्न ५) किंवा स्टाइलमध्ये आहे. डायमेन्शन स्टाइलमध्ये मापाच्या रेघेला आणि दोन्ही एक्स्टेन्शन रेघांना वेगवेगळी लाइनटाइप देता येते. मल्टिलीडर स्टाइलमध्ये लीडरला, मल्टिलाइन स्टाइलमध्ये प्रत्येक समांतर रेघेला, टेबल स्टाइलमध्ये चौकटीला. जिथे स्टाइल वापरात नाही तिथे आधी तीच पर्ज करा. वापरात असेल तर आत जाऊन लाइनटाइप बायब्लॉक किंवा बायलेयर करा.

५. ब्लॉकच्या आत लपलेली कशी काढायची? ब्लॉक दोनशेच्या वर आहेत.

क्यूसिलेक्टला ब्लॉकच्या आतलं दिसत नाही. चार-पाच ब्लॉक असतील तर ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन हाताने बदला. दोनशे असतील तर सेटबायलेयर ही कमांड आहे. सगळं सिलेक्ट करा. 'ब्लॉकही धरायचे का' असं विचारेल, तेव्हा हो म्हणा.

पण थांबा, हो म्हणण्याआधी तिच्या सेटिंगमध्ये जा. ही कमांड लाइनटाइपबरोबर रंग, लाइनवेट आणि आणखी बरंच काही बायलेयर करते. परवानगीच्या नकाशात रंग हाताने दिलेले असतात, ते सगळे एका एंटरमध्ये उडतात. फक्त लाइनटाइपची खूण ठेवा, बाकीच्या काढा. 'बायब्लॉकचंही बायलेयर करायचं का' याला नाही म्हणा. फर्निचरचे ब्लॉक बहुधा मुद्दाम बायब्लॉक केलेले असतात. कुलूपबंद लेयरवरच्या वस्तू ही कमांड सोडून देते, तेव्हा कुलपं आधीच काढलेली बरी.

६. लाइनटाइपच्या नावात मध्ये उभी रेघ आहे, किंवा डॉलर-शून्य-डॉलर आहे. ही काय भानगड?

उभी रेघ म्हणजे ती एक्सरेफची. रेघेच्या डावीकडे फाइलीचं नाव, उजवीकडे लाइनटाइपचं. ती तुमची नाहीच, त्यामुळे तुमच्या फाइलीतून काढायचा प्रश्न येत नाही. मूळ फाइल उघडा, तिथे काढा, परत येऊन एक्सरेफ रीलोड करा. एक्सरेफ नकोच असेल तर डिटॅच करा. नुसतं अनलोड करून नावं जात नाहीत.

डॉलर-शून्य-डॉलर म्हणजे तीच एक्सरेफ कोणी तरी 'बाइंड' करून पोटात घेतली. आता ती पूर्णपणे तुमची आहे आणि प्रश्न ४ चे सगळे नियम तिला लागू. पुढच्या वेळी बाइंडऐवजी 'इन्सर्ट' हा पर्याय घेतला तर नावं एकमेकांत मिसळतात आणि हा कचरा होत नाही. मिसळण्याचा एक तोटा प्रश्न ९ मध्ये आहे.

७. तीन प्लॉट आणि एका नालीची फाइल, पण आकार साठ एमबीच्या वर. कॉपी केलं की ऑटोकॅड गोठते. लाइनटाइपच्या यादीत विचित्र नावं आहेत.

ही ती जात. फाइल कधी तरी मायक्रोस्टेशन या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधून, म्हणजे त्याच्या डीजीएन फाइलीतून आली आहे. रस्ते, रेल्वे, मेट्रो, खाणी, जिथे मोठ्या प्रमाणावर सर्वे आणि अलाइनमेंटचं काम चालतं तिथे मायक्रोस्टेशन असतंच, आणि नागपुरात या चारही कामांची ड्रॉइंगं फिरतात. तुम्ही स्वतः डीजीएन कधी उघडली नसेल. तुम्हाला कोणी सर्वेचा तुकडा पाठवला, तुम्ही त्यातलं एक कंपाउंड तुमच्या फाइलीत पेस्ट केलं, तेवढं पुरतं.

होतं काय, की डीजीएनच्या लाइनस्टाइल साध्या रेघ-आणि-फट अशा नसतात. त्या तुकड्यातुकड्यांच्या बनलेल्या असतात: बिंदू, फटकारे, चिन्हं. ऑटोकॅड हे सुटे भाग ड्रॉइंगच्या आतल्या एका वेगळ्या डिक्शनरीत, म्हणजे नोंदींच्या कोठारात, ठेवतं. ती डिक्शनरी कुठल्याच खिडकीत दिसत नाही. पेस्ट करताना एका लाइनस्टाइलबरोबर हे सुटे भागही येतात आणि पुढच्या कॉपी-पेस्टमध्ये वाढत जातात. वापर संपला तरी भाग एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे साध्या पर्जला सगळे 'वापरात' वाटतात. ज्याने इथे धरलं आहे तो कोणी रेघ, लेयर किंवा ब्लॉक नाही, म्हणून प्रश्न ४ चा शोध इथे फुकट जातो.

उपाय डीजीएनपर्ज. जुन्या आवृत्त्यांसाठी ऑटोकॅडच्या कंपनीने, ऑटोडेस्कने, वेगळा हॉटफिक्स (दुरुस्तीचा जोड) दिला होता, २०१५ पासून पुढे ही कमांड आतच आहे. टाइप करा, एंटर. मग साधं पर्ज, मग ऑडिट (फाइलीतल्या चुका दुरुस्त करणारी कमांड), मग सेव्ह. फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि आकार बघा. मोठ्या फाइलीवर ही कमांड वेळ घेते. स्क्रीन पांढरी पडली म्हणून लगेच टास्क मॅनेजरने मारू नका, चहा पिऊन या.

८. डीजीएनपर्ज चालवलं, बऱ्याच गेल्या, पण आठ-दहा उरल्याच.

उरल्या त्या खरोखर वापरात आहेत. डीजीएनपर्ज बेवारस तेवढ्याच काढते. आता मात्र प्रश्न ४ आणि ५ ची पद्धत लागू होते: त्या रेघा शोधा, त्यांना तुमची नेहमीची लाइनटाइप द्या, आणि डीजीएनपर्ज पुन्हा चालवा. एक्सरेफ असतील तर आधी सगळ्यांत आतली फाइल साफ करा, मग तिला जोडणारी, आणि मुख्य फाइल शेवटी. उलट क्रमाने केलं तर घर झाडून झाल्यावर छताची जाळी काढल्यासारखं होतं.

९. दुसऱ्याचा ब्लॉक आणला आणि त्याच्या तुटक रेघा भलत्याच दिसू लागल्या. लाइनटाइप खराब झाली का?

खराब नाही झाली, नाव सारखं आणि कृती वेगळी. त्याच्या 'हिडन'मध्ये रेघ लांब असेल, तुमच्या 'हिडन'मध्ये आखूड. एकाच नावाच्या दोन लाइनटाइप एका फाइलीत राहू शकत नाहीत, तेव्हा यजमानाची कृती टिकते आणि पाहुण्याची गळते. ब्लॉक आणताना, पेस्ट करताना, एक्सरेफ 'इन्सर्ट' करताना, तिन्ही ठिकाणी हेच.

याला पर्ज हा उपाय नाही. तुमच्या फाइलीत त्याची कृती हवी असेल तर लाइनटाइप मॅनेजरमधून त्याची लाइनटाइप फाइल लोड करा आणि 'पुन्हा लोड करू का' याला हो म्हणा. दोन्ही हव्या असतील तर आणण्याआधी त्याच्या फाइलीत रिनेम कमांडने नाव बदला.

१०. सगळं सिलेक्ट करून नवीन फाइलीत पेस्ट केलं तर स्वच्छ फाइल मिळेल ना?

साध्या लाइनटाइपच्या बाबतीत हो, कारण पेस्ट वापरातलंच घेऊन जातं. पण लेआउट मागे राहतात, आणि डीजीएनचा रोग असेल तर तो पेस्टबरोबर नवीन फाइलीतही जाऊ शकतो (प्रश्न ७). रोग पसरवायची ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे, खरं तर.

त्यापेक्षा डब्ल्यूब्लॉक बरं, ही कमांड ड्रॉइंग नवीन फाइलीत लिहून देते. त्यात 'संपूर्ण ड्रॉइंग' हा पर्याय घेतला की वापरात नसलेली नावं गळून पडतात आणि मॉडेलमधलं मॉडेलमध्ये, पेपरमधलं (शीटवरचं) पेपरमध्ये राहतं. डीजीएनपर्ज आधी चालवून मगच हे करा.

११. कोणी तरी दोन ओळींचं लिस्प दिलं आहे, ती डिक्शनरीच उडवतं म्हणे. चालवू का?

प्रश्न ७ मधली डिक्शनरी मुळापासून काढायची, असं ते लिस्प आहे. चालतं. पण ते 'वापरात आहे की नाही' असं विचारत नाही. ज्या रेघांवर डीजीएनची लाइनस्टाइल अजून आहे त्यांची नक्षी जाते, रेघ तेवढी राहते. कंपाउंड, तारांचं कुंपण, नाला, झाडांची ओळ सगळं सलग रेघेत. सर्वेच्या नकाशात हा तोटा परवडत नाही. डीजीएनपर्ज आणि प्रश्न ८ करूनही फाइल हलत नसेल तरच, आणि कॉपीवरच. ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) वापरत असाल तर लिस्प २०२४ पासूनच चालतं, त्याआधीच्या एलटीत प्रयत्न करू नका.

१२. डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या फॉर्मॅटमध्ये सेव्ह करून परत उघडलं की सगळं साफ होतं म्हणतात. खरं का?

आर१२, म्हणजे ऑटोकॅडच्या फार जुन्या आवृत्तीच्या डीएक्सएफमध्ये सेव्ह केलं तर होतं, कारण त्या जुन्या फॉर्मॅटमध्ये असल्या डिक्शनऱ्यांना जागाच नाही. पण बाकीच्यालाही नाही. अनेक लेआउट, ट्रू कलर, एमटेक्स्ट, सगळ्यांची वाट लागते. एका सपाट नकाशासाठी ठीक. नऊ शीटच्या सेटसाठी ही शिक्षा आहे, उपाय नाही.

१३. फाइल उघडताना शेप फाइल सापडत नाही असं येतं. त्याचा लाइनटाइपशी काय संबंध?

काही लाइनटाइपमध्ये रेघेच्या मध्ये आकृती किंवा अक्षरं असतात. ऑटोकॅडबरोबर येणाऱ्या फेन्सलाइन, ट्रॅक्स, गॅस लाइन, झिगझॅग पाहिल्या असतीलच. अक्षरं टेक्स्ट स्टाइलमधून येतात, आकृत्या शेप फाइलीतून. कोणी स्वतःच्या शेप फाइलीवर लाइनटाइप बनवली आणि डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) पाठवताना ती शेप फाइल द्यायला विसरलं, की हा संदेश येतो.

लाइनटाइप नको असेल तर आधी ती पर्ज करा आणि नंतर शेप. उलट केलं तर शेप 'वापरात आहे' म्हणेल. हवी असेल तर पाठवणाऱ्याकडून शेप फाइल मागून घ्या आणि ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवा. याच कारणाने एखादी अनोळखी टेक्स्ट स्टाइलही पर्ज होत नाही. ती लाइनटाइपच्या पोटात असते.

१४. पर्ज केल्यावर माझ्या तुटक रेघा सलग दिसू लागल्या. चुकीचं काही गेलं का?

नाही. पर्ज वापरातल्या लाइनटाइपला हात लावत नाही. रीजेन करून, म्हणजे स्क्रीन नव्याने काढायला लावून बघा. तरी सलग दिसल्या तर एलटीस्केल (तुटक रेघांचं माप) तपासा, आणि लेआउटमध्येच सलग दिसत असतील तर पीएसएलटीस्केल (लेआउटसाठीची तशीच सेटिंग). मीटरमध्ये काढलेली ड्रॉइंग मिलिमीटरच्या फाइलीत पेस्ट झाली की हाच घोळ होतो.

१५. लाइनटाइप सगळ्या साफ केल्या, तरी फाइल जडच.

मग दोष लाइनटाइपचा नाही. रेगअ‍ॅप्स पर्ज करा. या इतर प्रोग्रॅमांनी फाइलीत सोडलेल्या नोंदी असतात. त्यासाठी पर्जच्या आधी वजाचं चिन्ह लावून कमांडलाइनवरची पर्ज वापरा. स्केल लिस्ट बघा, जुन्या एक्सरेफमधून शेकडो स्केल जमलेली असतात, ती रीसेट करा. त्यातही नाही भागलं तर फाइल रिकव्हरने उघडा.

१६. साफ केलेली फाइल आठ दिवसांत पुन्हा तशीच होते. कोणी मुद्दाम करून राहिलं का?

कोणी मुद्दाम करत नाही. ऑफिसात एक उगम आहे आणि सगळे त्यातूनच पाणी भरतात. टेम्प्लेट, टायटल ब्लॉक, झाडं-गाड्या-फर्निचरची ब्लॉक लायब्ररी, टूल पॅलेट ज्या फाइलीकडे बोट दाखवते ती फाइल, या चार ठिकाणी बघा. प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडून लाइनटाइपची यादी वाचा आणि डीजीएनपर्ज चालवा.

माझ्याकडे हा उगम सापडायला दोन महिने गेले. सगळ्या क्लायंटच्या फाइलींवर संशय घेऊन झाला, एकदोघांना फोनवर ऐकवूनही झालं. शेवटी एका संध्याकाळी नवीन कोरी फाइल उघडली, त्यात फक्त माझा उत्तर दिशेचा बाण टाकला आणि लाइनटाइपची यादी उघडली. एकोणचाळीस नावं. तो बाण मी कधी काळी एका रस्त्याच्या ड्रॉइंगमधून, छान दिसतो म्हणून, उचलला होता.